हातात सहा आठवडे आणि आयल्ट्स: इंग्रजी तेवढंच राहून बॅन्ड कसा वाढतो?

परदेशातल्या विद्यापीठाचं ऑफर लेटर येतं, पेढे वाटून होतात आणि मग कोणीतरी त्याचं शेवटचं पान नीट वाचतं. तिथे एक अट असते: इंग्रजीच्या परीक्षेत नऊपैकी एकूण साडेसहा, आणि कुठल्याही भागात सहाच्या खाली नको. मुदत दीड-दोन महिन्यांची. नोकरी हिंजवडीत, घर कोथरूडला, दिवसाचे दोन-अडीच तास रस्त्यात. यात तयारी करायची कधी आणि कशाची?

नियमही जागेवर राहत नाहीत. ऑस्ट्रेलियाने मार्च २०२४ मध्ये विद्यार्थी व्हिसासाठी लागणारा किमान बॅन्ड, म्हणजे आयल्ट्समधली श्रेणी, साडेपाचवरून सहा केला. कॅनडाने त्याच वर्षी नोव्हेंबरात विद्यार्थ्यांसाठीची जलद व्हिसा योजना बंद केली. त्यामुळे 'दोन वर्षांपूर्वी माझ्या मावसभावाचं सहावर झालं होतं' या माहितीचा फारसा उपयोग नाही. विद्यापीठाच्या आणि त्या देशाच्या व्हिसाच्या वेबसाइटवर आज काय लिहिलंय, तेवढंच धरायचं.

या लेखात आयईएलटीएस, म्हणजे सगळे जिला 'आयल्ट्स' म्हणतात त्या परीक्षेबद्दल बोलू. पुण्यातून जाणाऱ्यांची गाठ बहुधा तिच्याशीच पडते.

ही परीक्षा नक्की काय मोजते?

चार भाग असतात: लिसनिंग, रीडिंग, रायटिंग आणि स्पीकिंग. पहिले तीन एकाच बैठकीत, मधे सुट्टी न देता होतात. त्यांना अडीच-पावणेतीन तास लागतात. स्पीकिंग समोरासमोर, ११ ते १४ मिनिटांचं. ते त्याच दिवशी असेल किंवा आठवडाभर अलीकडे-पलीकडे. प्रत्येक भागाला ० ते ९ मधली श्रेणी मिळते, तिला बॅन्ड म्हणतात. बॅन्ड अर्ध्या-अर्ध्याने वाढतो. पास-नापास नसतं, समोरच्या संस्थेला हवा तेवढा आला की नाही, एवढाच प्रश्न.

परीक्षेचे दोन प्रकार आहेत. उच्च शिक्षणासाठी अ‍ॅकॅडमिक, आणि स्थलांतर किंवा कामासाठी बहुतेकदा जनरल ट्रेनिंग. ब्रिटनच्या काही व्हिसांसाठी 'यूकेव्हीआय' नावाची वेगळी नोंदणी लागते. प्रश्न तसेच असतात, पण साधी परीक्षा दिली असेल तर त्या व्हिसाला ती चालत नाही. फी भरण्यापूर्वी हे बघा.

रोज सिंहगड रोडच्या गर्दीतून गाडी काढणारा माणूसही लायसन्सच्या आठ आकड्यावर पाय टेकवतो आणि परत पाठवला जातो. त्याला गाडी येत नाही असं नाही. तिथे नक्की काय बघतात ते त्याला कोणी सांगितलेलं नसतं. आयल्ट्समध्ये हेच होतं. सहा आठवड्यांत इंग्रजी फार बदलत नाही. पण माहिती नसल्यामुळे, सवय नसल्यामुळे सांडणारे गुण थांबवता येतात, आणि बऱ्याच जणांचा अर्धा बॅन्ड तिथेच अडकलेला असतो.

आधी बेरीज करून घ्या

एकूण बॅन्ड म्हणजे चार भागांची सरासरी, जवळच्या अर्ध्यावर आणलेली. समजा लिसनिंग ७, रीडिंग ६.५, रायटिंग ५.५, स्पीकिंग ६. बेरीज २५, सरासरी ६.२५. पाव आला की वर ढकलतात, म्हणून एकूण ६.५. ऑफर लेटरवरची पहिली अट पूर्ण झाली. दुसरी मोडली, कारण रायटिंग सहाच्या खाली आहे.

आता त्याच माणसाचं लिसनिंग साडेसहा धरा. बेरीज २४.५, सरासरी ६.१२५, आणि एकूण थेट ६. एका भागातल्या अर्ध्या बॅन्डने एकूण अर्धा बॅन्ड गेला.

म्हणून दोन अटी वेगळ्या वाचायच्या: एकूण किती आणि प्रत्येकात किमान किती. काही ठिकाणी तर एकूणला महत्त्वच नसतं. ब्रिटनच्या नर्सिंग अँड मिडवायफरी कौन्सिलला लिसनिंग, रीडिंग आणि स्पीकिंगमध्ये प्रत्येकी सात लागतात, रायटिंगमध्ये साडेसहा. तिथे लिसनिंगचा नऊ रायटिंगच्या सहाला वाचवत नाही.

पहिल्या दिवशी अभ्यास नको, परीक्षा द्या

नोंदणी केल्या केल्या शब्दांच्या याद्या घेऊन बसू नका. केंब्रिजने छापलेल्या सराव प्रश्नपत्रिकांचा एक संच घ्या (अप्पा बळवंत चौकात मिळतात, ऑडिओ सोबत आहे ना, ते बघून घ्या) आणि एका रविवारी सकाळी घड्याळ लावून पहिले तीन भाग सलग सोडवा. फोन दुसऱ्या खोलीत.

लिसनिंग आणि रीडिंगमध्ये प्रत्येकी ४० प्रश्न असतात, एकाला एक गुण. साधारण २३ बरोबर आले की सहा, ३० आले की सात, ३५ ला आठ. जनरल ट्रेनिंगचं रीडिंग सोपं असतं, म्हणून तिथे सहासाठीच तिसाच्या आसपास लागतात. एरवी सहा आणि सातमध्ये अंतर आहे फक्त सात प्रश्नांचं. चुकलेल्या प्रत्येक उत्तरापुढे कारण लिहा: ऐकूच आलं नाही, शब्द कळला नाही, स्पेलिंग चुकलं, वेळ संपला, सूचना वाचली नाही. बहुतेकांच्या यादीत शेवटची तीन कारणंच जास्त निघतात आणि त्यांवर इलाज आहे.

या चाचणीत पाच आणि हवेत सात, असं असेल तर मात्र खरं बोलायला हवं: सहा आठवड्यांत ते होणार नाही. तारीख पुढे ढकला किंवा पुढच्या सत्राचा प्रवेश बघा.

लिसनिंग: सगळ्यात लवकर वाढणारा भाग

ऑडिओ एकदाच ऐकवतात. चार भाग असतात. पहिल्यात रोजच्या व्यवहाराचं संभाषण, दुसऱ्यात एकाच माणसाची माहिती, तिसऱ्यात विद्यार्थी-शिक्षकांची चर्चा, चौथ्यात व्याख्यान. पहिला भाग सोपा म्हणून लोक सैल बसतात आणि तिथेच गुण जातात. नाव अक्षर-अक्षर सांगतात तेव्हा 'जी' आणि 'जे' यांची गल्लत होते, 'थर्टीन'चं 'थर्टी' होतं. शिवाय बोलणारा मुद्दाम आधी चुकीचं सांगून मग दुरुस्त करतो: 'ट्यूसडे... नो, सॉरी, थर्सडे.' ट्यूसडे लिहून पुढे गेलात की गेला गुण.

अनेकवचनाचा शेवटचा 'स' राहिला तर उत्तर चूक. 'दोनपेक्षा जास्त शब्द नकोत' अशी सूचना असताना तीन लिहिले, तर अर्थ बरोबर असूनही शून्य. ब्रिटिश किंवा अमेरिकन, दोन्ही स्पेलिंगं चालतात. चुकीचं चालत नाही. रोज वीस मिनिटं एकच भाग सोडवा, मग ऑडिओची छापील संहिता समोर ठेवून तोच पुन्हा ऐका. चुकलेला शब्द कानाला कसा लागतो, हे दुसऱ्या फेरीत कळतं.

कॉम्प्युटरवर परीक्षा देणार असाल तर शेवटी उत्तरं तपासायला दोनच मिनिटं मिळतात. उत्तरपत्रिकेवर उतरवायला दहा मिनिटं मिळतात ती फक्त कागदावरच्या परीक्षेत. यूट्यूबवरचे जुने सल्ले ऐकून त्या दहा मिनिटांवर विसंबू नका.

वनाज ते रामवाडी मेट्रोत इंग्रजी पॉडकास्ट ऐकणं चांगलंच, कान तयार होतो. पण तो परीक्षेचा सराव नव्हे. परीक्षेत ऐकता ऐकता वाचायचं आणि लिहायचंही असतं, ती कसरत टेबलाशी बसूनच जमते.

रीडिंग: तुम्हाला ठाऊक आहे ते विसरा

६० मिनिटं, तीन उतारे, ४० प्रश्न. उत्तरं उतरवायला वेगळा वेळ नाही. सगळ्यात जास्त भांबावतात ते 'ट्रू, फॉल्स, नॉट गिव्हन' या प्रश्नांत. एक उदाहरण घेऊ. समजा उताऱ्यात एवढंच वाक्य आहे: '१२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटलं आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठांत पाणी शिरलं.' आता तीन विधानं:

'पुराचं पाणी शहरापर्यंत पोहोचलं नाही.' उतारा याच्या उलट सांगतो, म्हणून फॉल्स.

'धरण वर्षाच्या उत्तरार्धात फुटलं.' जुलै म्हणजे उत्तरार्धच. शब्द वेगळे, अर्थ तोच, म्हणून ट्रू.

'पूरग्रस्तांसाठी नंतर नव्या वसाहती उभ्या राहिल्या.' इथे पुणेकर हमखास फसतो. गोखलेनगर, सहकारनगरच्या कहाण्या त्याने आजीकडून ऐकलेल्या असतात, म्हणून तो ट्रू लिहितो. पण उताऱ्यात त्याबद्दल चकार शब्द नाही. उत्तर: नॉट गिव्हन.

कसोटी अशी की फॉल्स लिहायचं तर विधान खोटं पाडणाऱ्या शब्दांवर बोट ठेवता आलं पाहिजे. बोट ठेवायला जागा नसेल तर नॉट गिव्हन. एका प्रश्नावर दीड मिनिटाच्या वर अडकू नका. हे प्रश्न उताऱ्याच्या क्रमाने येतात, त्यामुळे तिसऱ्याचं उत्तर दुसऱ्या आणि चौथ्याच्या मधेच शोधायचं. कुठल्या परिच्छेदात कुठली माहिती, असे जोड्यांचे प्रश्न मात्र क्रमाने नसतात. ते शेवटी घ्या, तोवर उतारा अर्धा पाठ झालेला असतो. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही जागा रिकामी सोडायची नाही.

रायटिंग: गाडी इथेच अडते

दोन लेखनं, मिळून ६० मिनिटं. पहिलं किमान १५० शब्दांचं, दुसरं किमान २५० शब्दांचा निबंध. दुसऱ्याचं वजन पहिल्याच्या दुप्पट असतं. तरी लोक पहिल्यात अर्धा तास घालवतात आणि निबंधाचा शेवट घाईत उरकतात. २० आणि ४० मिनिटं ही वाटणी काटेकोर पाळा. निबंध आधी लिहिला तरी चालतो.

गुण चार गोष्टींना सारखेच: प्रश्नाचं उत्तर दिलंय का, मांडणी सलग आहे का, शब्द नेमके आहेत का, व्याकरण. या चारांतली पहिली गोष्ट सर्वाधिक दुर्लक्षित.

समजा विषय आहे: 'गर्दीच्या रस्त्यांवर खासगी गाडी आणणाऱ्यांकडून पैसे घ्यावेत. तुम्ही कितपत सहमत आहात?' पुण्यातल्या माणसाला हा विषय मिळाला की लेखणी सुटते. लक्ष्मी रोड, विद्यापीठ चौक, हॉर्न, धूर, खड्डे. चार परिच्छेद वाहतुकीवर. पैसे घ्यावेत की नाही, हे शेवटच्या ओळीत, तेही 'सरकारने आणि नागरिकांनी मिळून विचार करावा' अशा गुळमुळीत वाक्यात. इंग्रजी छान असूनही पहिल्या निकषावर मार बसतो, कारण विचारलेल्या प्रश्नाचं उत्तरच दिलेलं नाही.

लिहायला घेण्यापूर्वी पाच मिनिटं कच्च्या कागदावर तीन ओळी लिहा. माझं मत: जिथे मेट्रो किंवा बसचा खरा पर्याय आहे तिथेच घ्यावेत. कारण एक: पर्याय असताना पैसे लावले तर लोक गाडी घरी ठेवतात. कारण दोन: पर्याय नसताना लावले तर तो नुसता दंड होतो, आणि तो दूर राहणाऱ्या कमी पगाराच्या माणसाला जास्त लागतो. मत पहिल्या परिच्छेदात सांगा, मग प्रत्येक कारणाला एक परिच्छेद आणि एक उदाहरण. मत काय असावं याला गुण नाहीत. ते सुरुवातीपासून शेवटपर्यंत तेच राहिलं का, याला आहेत.

पहिल्या लेखनात अ‍ॅकॅडमिकवाल्यांना आलेख किंवा तक्ता येतो. त्यातले सगळे आकडे एकामागून एक वाचून दाखवणं ही ठरलेली चूक. एकूण चित्र सांगणारी दोन वाक्यं (काय वाढलं, काय घटलं, सगळ्यात मोठं काय) वेगळ्या परिच्छेदात लागतातच. ती नसतील तर त्या निकषावर पाचच्या वर जाणं कठीण. जनरल ट्रेनिंगला पत्र असतं. तिथे सूचनेतले तिन्ही मुद्दे आले पाहिजेत.

पाठ केलेली भारदस्त वाक्यं परीक्षक ओळखतात आणि बाजूला काढतात. त्यामुळे 'टॉप टेम्प्लेट'च्या मागे लागू नका. आठ निबंध लिहा, जाणकाराकडून तपासून घ्या आणि तेच पुन्हा लिहून काढा. न तपासलेल्या तीस निबंधांत तीच चूक तीस वेळा पक्की होते. फोनवरचं एखादं अ‍ॅप व्याकरणाच्या चुका बऱ्यापैकी दाखवतं. त्याने दिलेल्या बॅन्डवर मात्र भरवसा ठेवून तारीख ठरवू नका.

मराठीतून विचार केल्याच्या खुणा

व्याकरणाचे गुण रायटिंग आणि स्पीकिंग दोन्हीकडे मोजले जातात, म्हणून इथली एक दुरुस्ती दोनदा फळते. आपल्या चुका ठरलेल्या आहेत. 'मी इथे तीन वर्षं काम करतोय' हे डोक्यात असतं आणि तोंडून येतं 'आय अ‍ॅम वर्किंग हिअर सिन्स थ्री इयर्स'. हवं असतं 'आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर थ्री इयर्स'. 'आय अ‍ॅम हॅविंग टू ब्रदर्स' नाही, 'आय हॅव'. 'डिस्कस'नंतर 'अबाउट' येत नाही. 'वन ऑफ माय'च्या पुढे 'फ्रेंड्स'. 'इन्फर्मेशन', 'अ‍ॅडव्हाइस', 'इक्विपमेंट' यांना 'स' लावायचा नाही.

'अ' आणि 'द' हे सगळ्यात चिवट दुखणं, कारण मराठीत तसं काही लागतच नाही. सगळे नियम सहा आठवड्यांत बसणार नाहीत. दोन तेवढे बसवा: मोजता येणारं एकच असेल तर नाम उघडं सोडायचं नाही, आणि 'पोल्युशन', 'एज्युकेशन' अशा गोष्टींबद्दल सर्वसाधारण बोलताना त्यांच्याआधी 'द' लावायचा नाही. निबंध संपल्यावर शेवटची तीन मिनिटं फक्त याच चुका शोधायला ठेवा.

स्पीकिंग: 'माझा अ‍ॅक्सेंट मराठी आहे, मग?'

राहू द्या. मराठी वळणाच्या उच्चाराला गुण कापत नाहीत, न समजणाऱ्या उच्चाराला कापतात. नकली अमेरिकन ढंग आणला की बोलणं आणखी अस्पष्ट होतं. लक्ष द्यायचं ते शब्दांच्या टोकांकडे: भूतकाळाचा 'ड' आणि अनेकवचनाचा 'स' आपण गिळतो. 'वेस्ट' आणि 'व्हेस्ट' यांत फरक ऐकू आला पाहिजे: पहिल्याला ओठ गोल, दुसऱ्याला खालचा ओठ दाताला.

मधल्या टप्प्यात एक कार्ड देतात. विचाराला एक मिनिट, मग दोन मिनिटांपर्यंत एकट्याने बोलायचं. पन्नास सेकंदांत विषय संपणं हा नेहमीचा घोळ. यावर उपाय म्हणजे स्वतःच्या आयुष्यातले सात-आठ प्रसंग तपशिलासकट तयार ठेवणं. पर्वती चढण्याची सवय 'आवडती जागा', 'तब्येतीसाठी करता ती गोष्ट', 'लहानपणची आठवण' अशा तीन कार्डांना पुरते. साहित्य तयार ठेवा, वाक्यं नाही. पाठांतर आवाजातूनच कळतं. फोनवर रेकॉर्ड करा आणि ऐका. स्वतःचा आवाज ऐकवत नाही, हे खरं. तरी ऐका.

क्लास लावायलाच हवा का?

लिसनिंग-रीडिंगसाठी नाही. रायटिंग तपासायला आणि स्पीकिंगला समोर बसायला माणूस लागतो, त्यासाठी पैसे द्यायला हरकत नाही. डेक्कनपासून विमाननगरपर्यंत पाट्या भरपूर आहेत. फी भरण्याआधी विचारा: निबंध कोण तपासणार, एकूण किती, किती दिवसांत परत मिळतील? तपासलेला एखादा निबंध दाखवा म्हणा. त्यावर नुसतं 'गुड, ६.५' लिहिलेलं असेल तर पुढची पाटी बघा.

'पीटीई सोपी असते म्हणे'

पीटीई ही इंग्रजीचीच दुसरी परीक्षा. ती पूर्णपणे कॉम्प्युटरवर होते, गुणही मुख्यत्वे यंत्रच देतं, १० ते ९० च्या मापात. परीक्षकासमोर ज्यांची जीभ अडते त्यांना बरी वाटते. माईकसमोर न थांबता बोलायचं दडपण काहींना त्याहून वाईट. तुमची संस्था ती स्वीकारते का ते आधी बघा. आयल्ट्सचे चार आठवडे झाल्यावर तिकडे उडी मारू नका, प्रश्नांची जातच वेगळी आहे.

नोकरी सांभाळून वेळ कसा बसवायचा?

सोमवार ते शुक्रवार रोज एक तास, शनिवार-रविवार तीन-तीन तास. आठवड्याला अकरा. पहिले दोन आठवडे लिसनिंग-रीडिंगला झुकतं माप द्या, कारण तिथे फळ लवकर दिसतं. तिसऱ्यापासून रायटिंगकडे वळा. निबंध सुट्टीच्या सकाळी, ताज्या डोक्याने. रात्री दहाला हिंजवडीहून परतून लिहिलेला निबंध कोणालाच तपासावासा वाटत नाही. स्पीकिंग रोज दहा मिनिटं. शेवटच्या दोन आठवड्यांत दोन पूर्ण चाचण्या.

कॉम्प्युटरवर देणार असाल तर निबंध टाइप करूनच लिहा, स्पेलिंग सुधारणारी सोय बंद करून. परीक्षेत शब्दसंख्या पडद्यावर दिसते, लाल रेघ मात्र कोणी ओढत नाही.

तारीख, निकाल आणि पासपोर्ट

तारीख मुदतीच्या आठवड्यातली घेऊ नका. निकालाचे दिवस आणि गरज पडली तर दुसऱ्या प्रयत्नाची जागा सोडून मागे या. एकाच भागात कमी पडलात तर तेवढाच भाग पुन्हा देण्याची सोय आहे: मूळ परीक्षा कॉम्प्युटरवर दिलेली हवी, ६० दिवसांच्या आत, आणि एकदाच. मात्र प्रत्येक संस्था असा निकाल धरत नाही, विद्यापीठाला ईमेल करून लेखी उत्तर घ्या. निकाल दोन वर्षं चालतो.

भारतात ओळखपत्र म्हणून पासपोर्टच लागतो. आधार, पॅन चालत नाही. नोंदणीत जो नंबर दिला तोच मूळ पासपोर्ट परीक्षेला न्यायचा, झेरॉक्स नाही. त्याची मुदत संपत आली असेल तर अभ्यासाआधी मुंढव्याच्या पासपोर्ट सेवा केंद्राची अपॉइंटमेंट घ्या, आणि नवा नंबर हातात आल्यावरच परीक्षेचा फॉर्म भरा.